अडुळसा नाही म्हणाला

आमच्या अहमदपुरातील किशनराव वैद्य माणसांना अरे-तुरे करतात आणि झाडांना अहो-जाहो. औषधासाठी पाने तोडायची असली, की आदल्या संध्याकाळी ते परसातल्या अडुळशापुढे अक्षता ठेवून निमंत्रण देतात, "सकाळी येतो, अडुळसेराव. चार पानं लागतील. राग नका मानू." वनस्पतीची अनुज्ञा घ्यावी, हे संस्कृतचा निवृत्त शिक्षक या नात्याने मला सर्वथा मान्य आहे, परंतु तिच्या मुलाबाळांचीही चौकशी करावी, असे कोणत्याही ग्रंथात माझ्या वाचनात आलेले नाही.

एकदा तहसीलमधला एक कारकून खोकत आला आणि तत्काळ काढा मागू लागला.

"निमंत्रणाबिगर तू कुठं जेवायला जातो का रे?" वैद्य कडाडले.

"जातो की! लग्नसराईत रोजच."

त्याला त्यांनी दोन दिवस खोकत ठेवले.

कधीकधी मात्र परसातून परतून ते रोग्याला सांगत, "झाड न्हाई म्हणून राहिलंय. दवाखान्यात जा." रोगी हसत, पण जात.

गेल्या श्रावणात माझ्या पत्नीला धाप लागू लागली. आडवे पडवेना, पायांवर सूज आली. तरी तिचा एकच हेका, "मला सुया नकोत. किशनभाऊजींचाच काढा घेईन." वैद्यांनी नाडी पाहिली आणि अक्षता न घेताच ते परसात गेले. क्षणात परतले.

"वैनी, अडुळसा न्हाई म्हणतोय. नांदेडला चला."

"भाऊजी, पुन्हा एकदा विचारून बघा ना त्याला!"

"लई हट्टी हाय तो. आपलंच खरं करतोय."

जीपमध्ये आमच्याआधी तेच जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं दुखणं आहे. वेळेवर आणलंत."

पत्नी बरी होऊन घरी आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि हात जोडून विचारले, "किशनराव, अडुळसा खरोखर बोलला?"

"झाड कुठं बोलतंय, गुरुजी?" ते खलबत्ता पुसत राहिले. तो जागेवर ठेवून म्हणाले, "आमची कारभारीण रुक्मिणी आजारी पडली, तवा 'मला जमत न्हाई' एवढं माझ्या तोंडातून निघालं न्हाई. तिचा लई इश्वास होता माझ्यावर. काढेच देत बसलो. तवापासून झाडाला बोलायला लावतो."

मग अक्षता घेऊन ते परसात गेले. मला दारातून ऐकू आले, "अडुळसेराव, तुमच्या नावावर पुन्हा खोटं बोललो. माफी असावी. पर वैनी घरी आल्या बघा."