बंद न पडलेलं ऑफिस

शुक्रवारी दुपारी अख्खं ऑफिस बंद पडलं. पण ते पडलंच नाही, असं अधिकृतपणे ठरलेलं आहे. तेव्हा आपणही ते पडलं नाही असं धरून पुढे जाऊ.

त्या ऑफिसात नेटवर्क सांभाळणाऱ्याला सगळे बॅकअप म्हणत. त्याच्याकडे प्रत्येक गोष्ट दोन असायची. दोन छत्र्या, दोन चष्मे, दोन टोप्या. बायको म्हणायची, "बायको तेवढी एकच केलीस, उपकार झाले." शुक्रवारी चार वाजता तो तिच्याबरोबर आठवडाभर समुद्रकिनारी जाणार होता. ही रजा याआधी ऑफिस बंद पडल्यामुळे दोनदा बुडाली होती.

"या वेळी थांबायची नाही मी," बायको सकाळी बॅगेची चेन ओढत म्हणाली. "तिकीट वाया जाणार नाही. ताईला सांगून ठेवलंय."

"म्हणजे मला स्टँडबाय?"

"तुझ्याकडूनच शिकले."

रजा पक्की व्हायला एकच काम उरलं होतं. ऑफिसातल्या सगळ्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात, तो स्विच आता जोडीने बसवला होता. एक गेला तरी दुसऱ्यावर ऑफिस चालावं. प्रश्न एवढाच होता की, एकाने राबायचं आणि दुसऱ्याने तयारीत बसून राहायचं, की दोघांनी मिळून राबायचं? हे साहेबांनी ठरवायचं होतं, आणि साहेबही त्या ऑफिसात जोडीनेच होते.

मोठे साहेब नसले की छोटे साहेब निर्णय घेत, असा नियम होता. मोठे साहेब नेहमीच असत, त्यामुळे छोटे साहेब वर्षानुवर्षं तयारीत बसून होते. एसीच्या रिमोटवरून वाजल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, कोण काय म्हणालं, हे सगळं दोन केबिनींच्या मध्ये बसणाऱ्या टायपिस्ट बाई इकडून तिकडे पोचवत. त्या शुक्रवारी बाई दाढ काढायला गेल्या होत्या.

"एक काम करेल, दुसरा गप बसेल," मोठे साहेब म्हणाले. "जगात असंच चालतं. आणि छोटे आज आलेले नाहीत, त्यामुळे फाटे फुटायचे नाहीत."

"आलेत ना साहेब ते."

"आले असते तर बाईंनी सांगितलं असतं."

"अहो, बाईच आल्या नाहीत."

"मग तर नाहीच आले."

पलीकडच्या केबिनीत छोटे साहेब टेबलावर मोठ्या रुबाबात बोटं वाजवत होते. "मोठे नाहीयेत आज. माझा शब्द फायनल. दोघांनी काम करायचं. नुसतं बसून बसून माणूस, म्हणजे स्विच, गंजतो."

बॅकअपने घड्याळाकडे पाहिलं आणि दोघांनाही "हो साहेब" म्हणून टाकलं. मग त्याने दोन्ही स्विच कामाला लावले. दिवे दोन्हीकडे सारखेच लुकलुकत होते. त्यांतला कोण राबतोय आणि कोण बसलाय, हे बाहेरून कोणाला कळायचं? साहेब मंडळींचंही कुठे कळत होतं!

पण एका स्विचचा प्लग काढला तरी ऑफिस चालतं का, ही चाचणी दोघांनाही स्वतःच्या हाताने घ्यायची होती. त्याने मोठ्यांना तीनची वेळ दिली आणि छोट्यांना साडेतीनची. जेवणानंतर मोठ्यांचा डोळा लागला, आणि ते साडेतीनला उगवले.

आता, एका भिंतीतली वीज गेली तरी दुसरी असावी, म्हणून बॅकअपने एका स्विचचा प्लग पुढच्या भिंतीत लावला होता आणि दुसऱ्याचा मागच्या. मध्ये स्विचचं कपाट, छतापर्यंत. खोलीला दारंही दोन. मोठे साहेब पुढून शिरले, छोटे मागून. पंख्यांच्या घरघरीत एकाला दुसऱ्याची चाहूल लागली नाही.

"काढू का रे?" पुढून आवाज आला.

"थांबा, साहेब!" बॅकअप ओरडला.

"बरं, थांबतो," असं म्हणून मोठे थांबले, पण प्लग काढून झाल्यावर. तेवढ्यात मागून छोटे म्हणाले, "काढला! बघ, चालतंय ना?"

सगळं एकदम शांत झालं. बाहेर कोणीतरी "गेलं!" म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले.

"दोघंही परत लावा!" बॅकअप कळवळला.

"दोघंही म्हणजे?" मोठ्यांनी विचारलं. "पलीकडे कोण आहे?"

"छोटे साहेब."

"त्यांना विचार, ते कधी आले?"

"त्यांना सांग, मी सकाळपासून आहे," छोटे कपाटाआडून म्हणाले. "आणि विचार, ते कसे काय आले?"

कपाटाला वळसा घालायला कोणीच तयार नव्हतं. बॅकअपनेच पळत जाऊन दोन्ही प्लग लावले आणि दाराकडे झेप घेतली. दार उघडेना. ते कार्डावर उघडायचं, आणि कार्ड खरं की खोटं, हे दार स्विचमार्फत विचारून घ्यायचं. स्विच जागे होत होते. निवांत.

फोन वाजला. "खाली टॅक्सी उभी आहे. येतोयस ना?"

"दार उघडत नाहीये गं!"

"दुसरं दार?"

"तेही त्याच स्विचवर."

"सगळं दोन दोन करतोस," ती हळूच म्हणाली, "आणि अडतोस मात्र एकातच." मग आवाज वाढला, "ताई, चल गं!"

त्या दिवशीचा हा एकमेव बॅकअप बिनबोभाट चालला. रात्री फोटो आला. मेव्हणीच्या डोक्यावर त्याची टोपी होती. जादाची.

सोमवारी अहवाल करायची वेळ आली. ऑफिस बंद पडलं म्हणावं, तर कोणाच्या हातून ते लिहावं लागलं असतं. म्हणून ते पडलंच नाही असं ठरलं. आणि ते पडलं नाही, त्या अर्थी बॅकअपला थांबायचं कारण नव्हतं. म्हणजे तो रजेवर गेला, असं धरून रजा कापली गेली. त्याने त्याच दिवशी कामावर बसून अर्ज केला :

"विषय : न घेतलेली रजा परत मिळणेबाबत. महोदय, बंद न पडलेलं ऑफिस चालू करण्यासाठी मी रजेवर असताना हजर होतो व अद्याप आहे. तरी ऑफिस बंद पडलं होतं, किंवा मी गेलो नव्हतो, यांपैकी सोयीचं असेल ते मान्य करण्यात यावं. तसंच माझ्यासारखा आणखी एक नेमण्यात यावा. या अर्जावर दोन्ही साहेबांनी एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसून, एकमेकांशी बोलून सही करावी, ही नम्र विनंती."