डावं पारडं

वीरेश हुक्केरीचं ठरलेलं लग्न मोडणार, ही बातमी दूधवाल्या तानाबाईनं पसरवली आणि ती तयारही तिनंच केली होती.

मोबाइलला अजून बटणं होती त्या काळातली ही गोष्ट. त्या सकाळी वीरेश राजारामपुरीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. स्टेजवरचे गायक कानात खोल बसवतात, वायर कानामागून फिरवून घेतात, तसले इयरफोन त्यानं घातले होते. ऑर्केस्ट्रावाल्या यशराजनं दोन जातीचे आणून दिले होते, एक काळे आणि एक पारदर्शक. आपल्या गायकांसाठी यातले कुठले मागवायचे, हे वीरेशनं सांगायचं होतं. सगळ्या कोल्हापुरात आवाज कळतो तो वीरेशलाच, असं यशराजचं मत होतं. वीरेशचंही अगदी हेच मत होतं. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहिली, की तिला खेटून मिक्सर चालवायचा मान कॉलेजपासून त्याचाच होता.

तुलना करायची त्याची रीत मात्र दुकानातली होती. भांडी वजनावर विकणाऱ्या अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, सिद्धरामअण्णांनी, त्याला लहानपणीच बजावलं होतं, वजन डाव्या पारड्यात, माल उजव्या पारड्यात, आणि जागा बदलायची नाही. त्यामुळे वीरेशनं पारदर्शक इयरफोन डाव्या कानात घातला, काळा उजव्या कानात घातला, आणि दोघांना एकाच वेळी एकच गाणं ऐकवलं. आठवडाभर ऐकल्यावर निकाल स्पष्ट होता. काळ्यात गाणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. पारदर्शक मात्र गादीखालून गात होता. हे इतकं उघड होतं, की एवढ्यासाठी आपल्याला विचारायची गरज काय, असंही त्याला वाटून गेलं.

"वीरेशभाऊ, पातेलं आणा की," तानाबाईनं हाक मारली. वीरेश डोलत राहिला. तिनं पुन्हा हाक मारली, मग दुधाच्या किटलीचं झाकण वाजवलं. शेवटी ती वाकली, दोन्ही कानांकडे निरखून बघितलं आणि दूध न घालताच शेजारच्या दारात गेली.

"सिद्धरामअण्णांच्या पोराच्या कानांत मशिनी बसवल्यात," तिनं सांगितलं. "त्या बी दोन तऱ्हेच्या. एका कानाला कमी ऐकू येत आसंल, एकाला जास्त. बिचाऱ्याचं लगीन ठरलंय न्हवं?"

तानाबाईची लेक गडहिंग्लजला दिलेली होती. वीरेशची सोयरीकही गडहिंग्लजलाच झाली होती, मिरचीचे व्यापारी शिवलिंगप्पा यांच्या सुष्मिताशी. बातमीला एवढं पुरलं. संध्याकाळी अप्पांचा फोन वाजला आणि पलीकडून शिवलिंगप्पांनी हवापाण्याची चौकशी न करता एकच प्रश्न विचारला. अप्पांनी छाती ठोकून सांगितलं, "पावणं, आमच्या पोराला मुंगीनं पाय घासलेला ऐकू येतोय." फोन ठेवल्यावर त्यांनी वीरेशला दुकानभर ऐकू जाईल असं झापलं.

सुष्मिता वीरेशला पसंत पडली होती ती तिच्या आवाजासाठी. ती शाळेत शिकवायची. दर रविवारी फोनवर ती बोलू लागली, की वीरेशला घरात जमवलेली आपली सगळी यंत्रं भंगारात घालावीशी वाटायची. इतका स्वच्छ, इतका गोल आवाज त्यानं कुठल्याही स्पीकरमधून ऐकला नव्हता. मुलगी बघायला गेले तेव्हा मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर धाडलं होतं. ती त्याच्या शेजारी कठड्यावर बसली आणि खाली बघत खूप वेळ बोलली. शब्द नीट पोचत नव्हते. लाजऱ्या मुली हळूच बोलतात असं वीरेशनं धरलं आणि प्रत्येक वाक्याला मान हलवली. खाली जाऊन तिनं घरच्यांना सांगितलं होतं, "एवढं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी बघितला नाही." त्या एका वाक्यावर लग्न ठरलं होतं, आणि आता ते एका दूधवालीच्या वाक्यावर मोडायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिवलिंगप्पा न कळवता दुकानात हजर झाले. येताना त्यांनी मिरचीचं पोतं आणलं होतं. सोयरिकीत तिढा असला तरी रिकाम्या हातानं यायची त्यांची पद्धत नव्हती. वीरेशच्या आईनं, अव्वानं, चहा केला. वीरेशचा गुरपादमामाही बातमी ऐकून धावत आला होता. संकटात भाच्याच्या मदतीला यायचं आणि संकट वाढवून जायचं, हा मामाचा जुना शिरस्ता.

वीरेश गल्ल्यावर बसला होता. शिवलिंगप्पा भांडी बघत बघत त्याच्या डाव्या अंगाला गेले आणि बेतानं म्हणाले, "जावईबापू." वीरेशनं पान हलल्याइतकीही दखल घेतली नाही. शिवलिंगप्पांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी वीरेशकडे बघितलं. मामानं घाईघाईनं फळीवरचा डबा पाडला. त्या आवाजानं वीरेश दचकून उठला आणि मामा विजयी मुद्रेनं म्हणाला, "बघा. आलं का न्हाय ऐकू?"

"डबा पडल्यावर आमच्या खालच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला बी ऐकू येतंय," शिवलिंगप्पा म्हणाले. "असं करू या, कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. आमी बी येतो की. एकदाचा सोक्षमोक्ष हूं दे."

वीरेशला उलट हायसं वाटलं. कोल्हापुरातल्या सगळ्यात तयार कानाची परीक्षा व्हायची होती. त्यात नापास व्हायची भीती त्याला कशाला? दोन्ही जातीचे इयरफोन खिशात घालूनच तो निघाला. तपासणी झाली की डॉक्टरांनाही चार गोष्टी सांगाव्यात, असा त्याचा विचार होता.

डॉक्टरांनी त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं," ते म्हणाले आणि बाहेर आपल्या मशीनसमोर बसले. त्यांच्या मागं अप्पा, शिवलिंगप्पा आणि मामा उभे राहिले.

उजवा कान झाला. पार बारीक शिट्टीलासुद्धा वीरेशनं बटण दाबलं. शिवलिंगप्पांचा चेहरा सैल झाला. मग डॉक्टरांनी डावा कान घेतला आणि खोलीत एकदम शांतता पसरली. अजून सुरू केलं नसेल, असं वाटून वीरेश हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत बसला. बाहेर मामाला मात्र डॉक्टरांचं बोट मशीनवर दाबलेलं दिसत होतं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल अलगद वर केला. वीरेशनं बटण दाबलं. डॉक्टरांचं बोट पुन्हा पडलं, टॉवेल वर गेला, बटण दाबलं गेलं. मामा मागं उभा आहे म्हणून आपण पास होतोय, हे वीरेशला कळत होतं. कारण कानात काहीच येत नव्हतं.

डॉक्टर हुशार होते. त्यांनी बोट मशीनवर ठेवलं, पण दाबलं नाही. टॉवेल वर गेला. वीरेशनं बटण दाबलं.

"कमाल आहे," डॉक्टर खुर्ची फिरवत म्हणाले. "मशीन बंद असतानाही यांना ऐकू येतंय."

मामाला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. काचेवरचा पडदा ओढला गेला. पडद्यामागं वीरेश कितीतरी वेळ हातात बटण धरून बसला, आणि त्याला एकदाही ते दाबावंसं वाटलं नाही.

"उजवा कान उत्तम आहे," डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "डावा बराचसा गेलाय. जे गेलंय ते परत यायचं नाही. मोठ्या आवाजाजवळ बसायची सवय आहे का? डावी बाजू आवाजाकडे?"

वीरेशला ट्रॉली आठवली. मिक्सरची जागा ठरलेली होती आणि भिंत नेहमी डाव्या हाताला असायची. मानाची जागा होती ती. तिच्यासाठी त्यानं तालीम मंडळातल्या पोरांशी भांडणं केली होती. आता रडू आलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं, पण भावी सासऱ्यासमोर तेही करता येईना.

"ते कानातलं डावं उजवं बदलून बघितलतंस का कधी?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय. तुमीच सांगितलतं की, पारडी बदलायची न्हाईत म्हणून."

"गिऱ्हाइकासमोर बदलायची न्हाईत, आसं सांगितलतं," अप्पा म्हणाले. "तराजू खरा हाय का खोटा, हे बघायला रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बदलतोय की मी."

वीरेशनं खिशातले इयरफोन काढले, काळा डाव्या कानात घातला आणि पारदर्शक उजव्या. गाणं लावलं. पारदर्शकमध्ये गाणाऱ्याचा श्वास होता, ओठ उघडल्याचा आवाज होता, काळ्यात कधी ऐकू आली नव्हती ती तंबोऱ्याची गुणगुणही होती. काळा आता गादीखालून गात होता. यशराजनं त्याच्या शब्दावर सगळ्या गायकांना काळेच मागवून टाकले होते, ते आदल्या दिवशीच.

तोवर शिवलिंगप्पा बाहेर जाऊन लेकीशी फोनवर बोलत होते. परत येऊन त्यांनी फोन वीरेशच्या हातात दिला. वीरेशनं तो सवयीनं उजव्या कानाला लावला. हीच सवय आपल्याला का आहे, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"डावा कान?" सुष्मितानं विचारलं.

"हो."

"गच्चीवर मी तुमच्या कुठल्या बाजूला बसले होते?"

वीरेशनं डोळे मिटले. "डाव्या."

"मग मी बोलले त्यातलं किती ऐकू आलं?"

खोटं बोलायला वाव होता. पण त्या आवाजाशी खोटं बोलणं त्याला जमेना. "आवाज छान होता," तो म्हणाला. "शब्द नाही पोचले."

"आणि मान हलवत होता ती?"

"तुम्ही इतकं मनापासून बोलत होता. मध्येच कसं थांबवायचं?"

पलीकडे शांतता पसरली. ही शांतता उजव्या कानातली होती, म्हणजे खरी होती. संपलं, असं वीरेशनं मनाशी म्हटलं.

"माझ्या अटी होत्या त्या," सुष्मिता म्हणाली. "तुम्ही सगळ्या कबूल केल्यात. आता मागं फिरायचा विचार आहे?"

"नाही, नाही. पण अटी होत्या तरी काय?"

"एकदा सांगून झाल्यात. बाबांना फोन द्या."

शिवलिंगप्पांनी लेकीचं ऐकून घेतलं, फोन खिशात टाकला आणि अप्पांकडे वळले. "पोरगी म्हणती, ठरलंय ते ठरलंय. जाऊ दे हो अण्णा. दोन्ही कान धडधाकट असून न ऐकणारे आमच्या घरात रग्गड हाईत. मला धरूनच." मग त्यांनी बाकावरच्या मामाकडे बघितलं. "फक्त ह्यास्नी लग्नात टॉवेल देऊ नका."

लग्न गडहिंग्लजला झालं. यशराजचा ऑर्केस्ट्रा होता आणि सगळ्या गायकांच्या कानांत काळे इयरफोन होते. त्यांच्याकडे बघायचं वीरेशनं कटाक्षानं टाळलं. बोहल्यावर तो मोकळी जागा बघून अशा बेतानं बसला, की सुष्मिता उजवीकडे येईल. लग्न लावणाऱ्या स्वामींनी त्याला दंडाला धरून सरकवलं. "बायको डाव्या अंगाला बसवायची असती, बाबा. जल्मभर."

सुष्मिता डावीकडे येऊन बसली. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि त्या गोंधळात ती त्याच्याकडे कलून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना वीरेशला दिसले. ती त्याच्याकडे बघून हसली, इतकं गोड, की त्यानंही हसून मान हलवली.

जेवणाच्या पंगतीच्या वेळी यशराज डोळे पुसतच आला आणि त्यानं वीरेशचा हात दोन्ही हातांत घेतला.

"लई मोठं मन बाबा तुझं," तो म्हणाला. "वैनी आत्ताच सांगत हुत्या. घरातला तुझा सगळा साउंड, स्पीकर, मशिनी, सगळं ऑर्केस्ट्राला देऊन टाकायला तू मघाशी बोहल्यावरच हो म्हणालास. टेम्पो उद्याच सकाळी धाडतो. चालंल न्हवं?"

यशराज उजव्या बाजूला उभा होता, त्यामुळे वीरेशला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. त्यानं मान हलवली.