कोंडलेली धार ठकूबाईने सोडविली, ती हकीकत

श्रीग्रामदेवता समर्थ. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाखमासी पोलादपूर प्रांती, उमरठच्या वरल्या अंगास एका वाडीवर जे रण माजले, ते ऐकिले तैसे, पदरची थोडकी फोडणी घालोन, लिहिले असे.

वाडीचा मुलूख दरिद्री, परंतु डोंगराचे पोटी बारमाही पाण्याची धार, ऐसे ऐश्वर्य. पूर्वी कोणी गोऱ्या कलेक्टराने धारेपाशी सरकारी दगड रोविला, तेव्हापासोन पाणी आपले, पण पुसावे साहेबास, ऐसी लोकांस खोड जडली. मग गतसाली विलायतेच्या एका संस्थेने गरिबांवर मेहेरनजर करोन टाकी बांधोन दिधली, आणि अवघी धार नळीत कोंडोन टाकीत घातली, आणि जुना पाणवठा कोरडा पडिला. टाकीच्या तोटीस तांबडी फीत बांधिली. गावकीचे अध्यक्ष राजमान्य राजेश्री भागोजीबुवा यांणी हुकूम फर्माविला की, मान संस्थेच्या साहेबाचा. खासा साहेब येऊन फीत कापी तोवर जो तोटीस हात लावील, त्याचे घरचा नारळ देवळात घेणार नाही. साहेब काही येईना. मोबाइलावरोन खलिते रवाना होत, उत्तरी नुसता अंगठा येई. अकरा महिने टाकी भरोन पाणी दरीत सांडे, आणि बायका खालच्या ओढ्यावरोन हंडे वाहात.

ठकूबाईची सून वैशाली, सातवा महिना, हंडा घेऊन चढता घेरी येऊन मट्कन बसली. ते पाहोन बाईची तळपायाची आग मस्तकास गेली. साळूबाई, सरिता ऐशा नऊ रणरागिणी जमवोन, सांधे फिरवावयाचा लोखंडी पाना कमरेस खोवोन, तिने टाकीवर कूच केले. बुवा लेंगा सावरीत आडवे जाहले. बाई शांतपणे वदली, "टाकी सायबाची हाय भावोजी, तिला आमी शिवत पन नाय. पानी विलायतेवरनं आनलंय काय त्यानं?" ऐसे वदोन बाई बुवांस वळसा घालोन पुढे गेली. मग टाकीच्या अलीकडे नळीचा सांधा फिरविला, आणि जुन्या पाणवठ्यात धार ऐसी उसळली की बुवा नखशिखांत न्हाले, आणि बायकांची हसोन हसोन मुरकुंडी वळली.

आठवे दिवशी खासा साहेब, कशेडी घाटात मालट्रकांमागे दोन प्रहर अडकोन, घसा कोरडा पडोन, दाखल जाहला. फीत कापिली, तसबिरी काढिल्या, तोटी फिरविली. आत ठणठणाट; नळी टाकीच्या बुडास जोडिलेली, म्हणोन उघड्या सांध्यातोन टाकीही उलटी रिती जाहली होती. बुवांस धरणी दुभंगेल तर बरे वाटले. तो ठकूबाईने सुनेहाती धारेचे गार पाणी तांब्याभर पुढे केले. साहेबाने ते घटाघटा पिऊन, मिशा पुसोन, आणखी मागितले.

येणेप्रमाणे वाडीकडोन विलायतेस दोन तांबे पाणी मदत पोहोचती जाहली. फत्ते जाहली, हे लिहिले सही.