हातभर म्हणजे किती?

तुमच्या विहिरीचं पाणी आज किती खाली आहे? विहीर नसेल तर बोअरचं सांगा. बोअरही नसेल तर तुमची टाकी जिथून भरते तिथलं सांगा. नाही ना येत? सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं ते सांगाल. क्रिकेटचा स्कोअर झोपेतून उठवलं तरी सांगाल. मग आमच्या पुंजातात्यांसमोर उभं राहायची तुमची लायकी नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझीही नव्हती.

पुंजातात्या कुणालाच राम राम करत नाहीत. माणूस दिसला की उजव्या हाताचा तळवा जमिनीकडे करायचा, दोनदा खालीवर हलवायचा आणि विचारायचं, "किती खाली?" माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला आणि तात्या पुढे झाले. "जावईबापू, किती खाली?" त्या बिचाऱ्याला वाटलं मुंडावळ्या घसरल्या. अख्खा मंडप हसत असताना तो कपाळ चाचपत राहिला. दहाव्याला मात्र तात्या कावळा शिवेपर्यंत गप्प बसतात. त्यांच्या हिशेबी ही मोठीच माणुसकी. कावळा शिवला की पाहुण्यांची रांग सुरू होते : "तुमच्याकडं किती खाली?"

आमचं गाव ओझरहून चांदवडकडे जाताना डाव्या हाताला आत लागतं. तात्यांचं घर आमच्या समोर, मधे एक बोळ. त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. तयार झालेला भाग मापात बसतो का, ते तपासायचं काम. केसाच्या जाडीचा फरक निघाला तरी तात्या भाग परत पाठवणार. निवृत्तीनंतर विमानं सुटली, मापं सुटली नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले उंबरे मोजले, दुसऱ्या आठवड्यात बोळ, तिसऱ्यात माझ्या आईची भाकरी. "वैनी, डावीकडं जाड हाय." आई म्हणाली, "तात्या, तुमच्या पाया पडते, विहिरी मोजा." आईने हे वैतागून म्हटलं होतं. तात्यांनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून दर अमावस्येला सायकलवरून बारा विहिरी. पोलादी टेप खांद्याला, पेन्सिल कानावर. थ्री-फेज लाईट यायच्या आत सगळ्या संपवायच्या, कारण मोटारी सुरू झाल्या की पाणी हलतं आणि माप खोटं ठरतं. "मापात पाप नको," हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. यावर तात्या उखडायचे. "कुणाचा परस? तुझा का तुझ्या बापाचा? बाप तुझ्यापेक्षा वीतभर उंच होता!" मग समोरच्याला फूट-इंचात सांगावं लागे.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. पुरुष परसात बोलला की बोलणी खायचा, आणि एखादी बाई घागर टेकवत म्हणाली, "तात्या, हातभर खाली गेलं बघा," तर हा मापाचा कर्दनकाळ नुसतं "बरं बाई" म्हणायचा आणि लिहून घ्यायचा. हातभर! हे माप झालं? पत्रकं वाटता वाटता मी एकदा विचारलंही, "तात्या, बायकांना सूट का?" ते म्हणाले, "तू तुझी पत्रकं वाट."

ही मापं ते वहीत ठेवत नाहीत, ओसरीच्या भिंतीवर काढतात. पांढऱ्या चुन्यावर निळीने ओढलेली एक लांब रेघ. पाणी उतरलं की रेघ खाली, चढलं की वर. पोरं तिला तात्यांचा साप म्हणतात. श्रावणात गावभर सांगत सुटतात, "सापानं मान वर काढली!" दिवाळीत घर पांढरं करताना तात्या सापाच्या कडेकडेने कुंचला फिरवतात आणि आपल्या सुनेला तिथे फिरकू देत नाहीत.

आणखी एक विसंगती. अकरा विहिरींना पोलादी टेप, पण बाराव्या, गावाच्या पिण्याच्या विहिरीला मात्र खुंटीवरचा एक जुना दोर. त्याच्या टोकाला लुगड्यांच्या पिळलेल्या पट्ट्या गाठी मारून जोडलेल्या. लाल, जांभळी, शेवटची हिरवी. आधी दोराने मोजायचं, मग दोर टेपला लावायचा. पारावरचे म्हणायचे, "विमानाचा साहेब आन् चिंध्यांचं माप!" तात्या म्हणायचे, "टेप गंजती." अकरा विहिरींत न गंजणारी टेप बाराव्या विहिरीतच कशी गंजते, हे विचारायची छाती कुणाची नव्हती.

मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होते आणि शनिवार-रविवार गावी येऊन गावाच्या प्रश्नांवर पत्रकं लिहीत होते. आमच्या घरात चूल पेटायची ती उरलेल्या पत्रकांवर, त्यामुळे मला वाटायचं की पेटवणं हेच पत्रकाचं काम. दोन हजार सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षी मी पाचशे पत्रकं छापून आणली. मथळा : 'गावाच्या विहिरीने तळ गाठला!!!' पहिलं पत्रक तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला.

"तळ कुठं गाठला? साडेचार फूट पाणी हाय अजून."

"तात्या, ती म्हणायची पद्धत असते."

"म्हणायची पद्धत माझ्या विहिरीवर नको. खोड. आन् ही तीन टिंबं-दांडे कशाला? एकात भागतंय. दोन जास्तीचे, रिजेक्ट."

आणि मी, जी भल्याभल्या पुढाऱ्यांचं ऐकत नव्हते, ती ओसरीवर बसून पाचशे पत्रकांवर पेनाने 'साडेचार फूट पाणी उरले' असं लिहीत होते. तात्या शेजारी बसून उरलेली उद्गारचिन्हं मोजत होते.

हे साडेचार फूट म्हणजे अख्ख्या गावाचं पिणं. टँकर दोन दिवसांआड येईल असं सांगत होते आणि तो चौथ्या दिवशी येत होता. अशात रंगनाथमामांच्या रानात बोअरची गाडी येऊन उभी राहिली.

रंगनाथमामा म्हणजे तात्यांचे मेहुणे. तात्यांच्या बायकोचे, ठकूबाईंचे, धाकटे भाऊ. ठकूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी त्यांना पाहिलेलंही नाही. मामांची द्राक्षबाग सुकत होती. त्यांनी जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या आणला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला आणि जागा ठरली. ती जागा नेमकी गावाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. विहिरीचे झरे तिकडूनच येतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तिथे खोल बोअर पडला की आमचे साडेचार फूट त्यात जाणार.

मी कायद्याचा कागद घेऊन धावले. पिण्याच्या सरकारी विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घेता येत नाही. सरपंच म्हणाले, "कागद बरोबर. पण अंतर कोण मोजणार?" दोन्हीकडच्यांनी एकदमच बोळाकडे, तात्यांच्या ओसरीकडे पाहिलं.

भर दुपारी तात्यांनी टेप लावली. मागे हंडे घेतलेल्या बाया, पुढे मामा, मधे मी. "दाजी," मामा म्हणाले, "बायकोच्या भावाला काय सूट?"

"हाय ना. तुझ्याकडनं टेप धरायला माणूस घेतला नाय, ही सूट."

मोजत मोजत ते नारळाच्या जागेशी पोचले. वाकले, पुन्हा मागे गेले, पुन्हा मोजलं. मग सरळ उभे राहून म्हणाले, "पाचशे दोन."

मामा मोठ्याने हसले. मी तात्यांना बाजूला ओढलं. "दोन मीटर, तात्या! चारशे अठ्ठ्याण्णव म्हणा! तुमच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही. अख्ख्या गावाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर," तात्या म्हणाले. "माझ्या शब्दावर कुणी शंका घेत नाय, म्हणून तर. मापात पाप नको, पोरी."

मी तेव्हा त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सरकारी खिळा म्हणाले, एवढं आठवतं. बोअरवाल्याने गाडीचं इंजिन सुरू केलं.

तात्या गेले ते घरात शिरले आणि खुंटीवरचा दोर घेऊन आले. मामांसमोर उभे राहिले. "रंगनाथ, कायद्याला पाचशे कळतात. झऱ्याला कळत नाय. तू मोकळा हायेस. पण बोअर पाडण्याआधी एकदा विहिरीवर चल. दोन मिनिटं."

"दाजी, आता आणखी काय मोजायचं?"

"किती खाली, ते."

विहिरीच्या कठड्यावर तात्यांनी दोर उलगडायला घेतला. आधी सुताचा दोर सुटला, मग लाल गाठ, मग जांभळी. हिरवी पट्टी त्यांच्या मुठीत आली तेव्हा मामा पुढे वाकले.

"हे... हे आक्काचं लुगडं हाय. माझी भाऊबीज."

"बहात्तरची," तात्या म्हणाले. "कोरं होतं. घडी मोडली न्हवती."

मग त्यांनी सांगितलं. विहिरीत बघतच सांगितलं. दुष्काळात पाणी उतरत होतं, आणि तात्या तेव्हा ओझरला राहून रविवारीच घरी यायचे. ठकूबाई म्हणाल्या, दोर कमी पडतोय, येताना लांब दोर आणा. तात्यांनी विचारलं, किती कमी पडतोय? त्या म्हणाल्या, असंल हातभर. "आन् मी तिला म्हटलं, हातभर म्हणजे किती? हे काय माप झालं? नीट मोजून सांग, मग आणतो. तीन रविवार असंच म्हटलं. चौथ्या रविवारी आलो तर दोराला ह्या तीन गाठी. ती काय बोलली नाय. मीबी काय बोललो नाय."

मामांनी दोर हातात घेतला आणि खाली सोडला. हिरव्या पट्टीचं टोक लोंबकळत राहिलं. खाली पाणी दिसत होतं, पण टोक पोचत नव्हतं.

"त्या साली ह्या टोकाला पाणी लागलं होतं," तात्या म्हणाले.

मामांनी दोर वर ओढला. खांद्यावरचं उपरणं काढलं, पिळलं, हिरव्या पट्टीला गाठ मारली आणि पुन्हा सोडलं. वर ओढलं तेव्हा उपरण्याचं टोक ओलं होतं. ते त्यांनी तसंच मुठीत धरलं.

तात्यांनी डोळे पुसले आणि लगेच टेप काढली. "उपरणं गाठ सोडून सव्वापाच फूट. त्यातलं चार बोटं ओलं. लिही गं."

"चार बोटं म्हणजे किती, तात्या?" मी विचारलं. एवढं बोलल्यावर गप्प बसेन ती मी कसली.

"चार बोटं म्हणजे चार बोटं," तात्या म्हणाले. "लिही."

बोअरची गाडी परत गेली. मामांनी त्या वर्षी निम्मी बाग तोडली आणि निम्मी ठिबकवर जगवली. अजूनही तात्यांना शिव्या घालतात, पण दर अमावस्येला बाराव्या विहिरीवर दोराचं दुसरं टोक धरायला तेच असतात. उपरणं दोरालाच राहिलं. दुसरं उपरणं तात्यांनी आणून दिलं. सव्वापाच फुटांचं, मोजून.

मी पत्रकं अजून लिहिते. उद्गारचिन्ह एकच देते. आणि हे पत्रकच समजा, म्हणून शेवटी मागणी करते. उद्या सकाळी, मोटारीचं बटण दाबण्याआधी, तुमच्या विहिरीत एक दोर सोडा. किती खाली आहे ते दिसेल अशा भिंतीवर लिहा. पुढच्या अमावस्येला पुन्हा लिहा. शेजाऱ्याला विचारा, तो हसला तरी विचारा. आणि तुमच्या घरात पाणी भरणारी बाई म्हणाली, हातभर कमी पडतंय, तर हातभर म्हणजे किती हे नंतर विचारा. आधी दोर घेऊन या.