पाल्य : वय वर्षे सत्तावन्न

सकाळी साडेनऊला दाराची बेल वाजली. बुरशीचे सर तोंडात ब्रश धरूनच दार उघडायला गेले. दारात सासूबाई उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल.

"जावईबापू, काल कॉलेजला का नाही गेलात?"

सरांनी ब्रश बाहेर काढला. "काल रविवार होता, आई."

"मग हे काय आहे? वाचा."

सरांनी वाचलं. 'आपला पाल्य काल वर्गात अनुपस्थित होता. कृपया लक्ष द्यावे.'

"लक्ष द्यायलाच आलेय," असं म्हणून सासूबाई आत येऊन खुर्चीवर बसल्या.

सरांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. तीस वर्षं ते कॉलेजात बुरशी शिकवत होते. मुलं त्यांना 'बुरशीचे सर' म्हणत, आणि सर ते कौतुक समजत. यंदा कॉलेजने फर्मान काढलं होतं, की प्रत्येक विषयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करा. येत्या शनिवारपर्यंत समितीने मंजूर केला नाही, तर तो विषय पुढच्या वर्षीपासून बंद. बुरशीला आधीच मुलं कमी, म्हणजे यादीत पहिला नंबर तिचाच. सरांनी घरात बसून दहा व्हिडिओ केले. पण एक नियम राहिला होता. शिक्षकाने स्वतः विद्यार्थी म्हणून नाव घालायचं आणि अभ्यासक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा करून दाखवायचा.

ती सिस्टिम मुळात शाळेसाठी बनवलेली. कॉलेजने ती तशीच उचलली होती. त्यामुळे फॉर्मवर पालकांचा मोबाईल नंबर भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. गेली कित्येक वर्षं कुठल्याही फॉर्मवर दुसरा नंबर म्हणून सर बायकोचा नंबर लिहीत आले होते. हाताने तोच लिहिला. ती जाऊन दीड वर्ष झालं, हे हाताला अजून कोणी सांगितलं नव्हतं. तिचा फोन आता सासूबाईंकडे असायचा. लेकीचे फोटो त्यात आहेत, म्हणून त्यांनी तो बंद पडू दिला नव्हता.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे शिकवणार तुम्ही, शिकणार तुम्ही, आणि दांड्याही तुम्हीच मारणार?"

"ऑनलाइनला रविवार नसतो हे मला माहीत नव्हतं."

"आता कळलं ना? बसा अभ्यासाला."

संध्याकाळी सर बसले. पण स्वतःचंच बोलणं किती ऐकणार? त्यांनी व्हिडिओ सुरू केला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले. दहाव्या मिनिटाला फोन वाजला.

"कुठे आहात?"

"कपडे वाळत घालतोय, आई."

"इथे आलंय, 'पाल्याचे पडद्याकडे लक्ष नाही.' कपडे कुठे पळून चाललेत का? आधी अभ्यास!"

मंगळवारी चाचणी होती. वीस प्रश्न, सगळे सरांनीच काढलेले. सर शिट्टी वाजवत बसले. पण सिस्टिमला एक खोड होती. कॉपी होऊ नये म्हणून ती उत्तरांचे पर्याय वरखाली करत असे. बारा प्रश्नांचं उत्तर सरांनी 'वरीलपैकी सर्व' असं ठेवलं होतं, आणि आता ते सगळीकडे पहिल्याच जागी येऊन बसलं होतं. सर शब्दाला धरून चालणारे. वर काहीच नाही, तर वरीलपैकी सर्व बरोबर कसं? त्यांनी खालचं निवडलं. वीसपैकी आठ. दुसऱ्यांदा सात. तिसऱ्यांदा चिडून सहा. मग पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. 'तीन वेळा अनुत्तीर्ण. पालकांनी विभागप्रमुखांना समक्ष भेटावे.'

सरांनी डिजिटल विभागाच्या प्रमुखबाईंना फोन लावला. बाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

"सर, कुलूप मला असं उघडता येत नाही. पालक आल्याची नोंद झाल्याशिवाय सिस्टिम सोडतच नाही."

"अहो मॅडम, मी सत्तावन्न वर्षांचा आहे!"

"माहीत आहे ना सर. मला तुम्ही पालकांना घेऊन यायला सांगितलं होतंत, तेव्हा मी वीस वर्षांची होते."

सरांनी फोन ठेवला. शनिवार चार दिवसांवर आला होता.

बुधवारी सासूबाई ठेवणीतला चष्मा लावून कॉलेजात हजर झाल्या. सर शेजारी मान खाली घालून बसले.

"मुलगा हुशार आहे हो," सासूबाईंनी प्रमुखबाईंना सांगितलं. "पण घरी एकटाच असतो. खाण्यापिण्याचं धड नाही. अभ्यासात लक्ष कुठून लागणार? तो काय शिकतो ते मला एकदा दाखवा बघू."

बाईंनी पहिला व्हिडिओ लावला. पडद्यावर सर हातातला कागद वाचत होते. पान संपलं की उलटत होते. मान काही वर येत नव्हती.

दोन मिनिटांनी सासूबाईंनी विचारलं, "हे कोण?"

"मीच, आई."

"छे! माझी लेक सांगायची, हे बुरशीवर बोलायला लागले की ताटातला भात गार होतो, तरी तोंड थांबत नाही. हा माणूस तर शोकसभेत ठराव वाचतोय."

प्रमुखबाईंनी हसू दाबलं. सरांनी पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "समोर कोणी नसतं, आई. पूर्वी प्रत्येक तास मी आधी घरी घ्यायचो. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची आणि मधेच काहीतरी विचारायची. आता भिंतीला काय सांगू?"

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"घड्या मला जमायच्या नाहीत, हात दुखतात. नुसती बसले तर चालेल?"

बाईंनी कुलूप उघडलं. वर सरांना बजावलं, "चाचणी दुरुस्त करा, आणि निदान पहिला व्हिडिओ नवीन करा. हा समितीला दाखवलात तर मीही वाचवू शकणार नाही."

गुरुवारी सासूबाई डबा घेऊन आल्या. डब्यात पावाचा तुकडा होता, त्यावर हिरवी लव. "राहून गेला होता डब्यात. फेकणार होते, मग म्हटलं, तुमचे नातेवाईक दिसतात." सरांनी तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला आणि कागद टेबलावरच राहिला. ही हिरवीच का? पावातच का शिरली? वास कसला येतो? सासूबाई विचारत गेल्या, सर सांगत गेले. वीस मिनिटांचा व्हिडिओ पन्नास मिनिटांचा झाला. शुक्रवारी सरांनी दहाही व्हिडिओ जागचे न हलता पाहिले आणि दुरुस्त केलेल्या चाचणीत वीसपैकी वीस मिळवले.

शनिवारी दुपारी प्रमुखबाईंचा फोन आला.

"सर, मंजूर! समितीतल्या तिघांनी पहिला व्हिडिओ संपेपर्यंत चहासुद्धा मागवला नाही. पण एक अट आहे. उरलेले नऊही असेच हवेत, महिन्याभरात. आणि समिती विचारतेय, प्रश्न विचारणाऱ्या त्या बाई कोण?"

"माझ्या पालक आहेत," सर म्हणाले.

दुसऱ्या भागाचं चित्रण रविवारीच सुरू झालं. सासूबाई खुर्चीत नीट बसल्या. सरांनी कॅमेरा सुरू केला, घसा खाकरला आणि फळ्याकडे वळले.

"थांबा," सासूबाईंनी काठी वर केली. "आधी एक शंका. बुरशी म्हातारी होते का हो?"

हा प्रश्न दुसऱ्या भागात नव्हता. सर फळ्यापासून मागे वळले.

"काही जाती होतात. पण बऱ्याच होत नाहीत. खायला मिळत राहिलं की एका बाजूने जुनी होत जाते आणि दुसऱ्या बाजूने नवीन टोकं फुटत राहतात."

"अस्सं. मग मला त्या दुसऱ्या जातीत धरा. अजून नऊ व्हिडिओ आहेत."

सर हसायला लागले. कॅमेरा चालूच होता. तो बंद करायला त्यांनी हात पुढे केला, तो तसाच मागे घेतला आणि खडू उचलला.

"तर मंडळी, नवीन टोक कसं फुटतं, ते आज बघू."