हितं डॉट इन किल्ल्याच्या तहाची हकीकत

श्रीसिद्धेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, इंदुवासर. ते दिवशी सोलापूर मुक्कामी पुणेकरांचा खलिता ईमेलमार्गे दाखल जाहला आणि हितं डॉट इन हा किल्ला द्यावा की राखावा ऐसा पेच राजश्री चिंतामणपंत यांजवर पडला. तो पेच तिसरे दिवशी एका अक्षराने कैसा सुटला, त्याची साद्यंत हकीकत ऐसीजे.

चिंतामणपंत म्हणजे तेहतीस वर्षे वाचनालयात पुस्तके देणे-घेणेची कामगिरी करून निवृत्त जाहलेले गृहस्थ. स्वभाव बहुत भिडस्त. रिक्षावाल्याने घर मागे टाकिले तरी तोंडातून शब्द फुटत नसे, मग पुढील चौकात उतरून पायी माघारी येत. ऐशा पुरुषाने उतारवयात एक मोहीम आरंभिली की सोलापुरी बोलीतले शब्द गोळा करावे, आणि चिठ्ठीवर लिहावे, आणि अर्थ लावून संगणकावर चढवावे. त्या कोशास जागा म्हणून त्यांनी संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, सालिना भाड्याने घेतले. नाव ठेविले ‘हितं’, म्हणजे इथे, कारण शब्द इथलेच. परंतु रोमन लिपीत उतरते समयी अनुस्वार वेशीवरच गळाला आणि लोकांनी ‘हिता’ वाचावे ऐसी चार अक्षरे उरली. ही चूक पंतांस नऊ वर्षे सलत होती.

किल्ल्यावर शिबंदी साडेचार हजार शब्दांची. वाचणारी रयत दर आठवड्यास सतरा असामी, हे पानाच्या कोपऱ्यातील आकड्यावरून कळे. पैकी एक मंगळवेढ्याच्या शांतम्मा, ज्या ज्वारीच्या रानातले शब्द फोनवर बोलून पाठवीत. उरले सोळा कोण, कोठले, हे पंतांस ठाऊक नव्हते. मात्र सतराचे सोळा जाहले की त्या दिवशी पंतांस भात कमी जाई.

मग ऐसे जाहले की पुण्यातील एका कंपनीने शक्तिवर्धक भुकटी काढिली, जी दुधात घालावी आणि कल्याण पावावे. तीस ‘हिता’ ऐसे नाव दिधले, डबे छापून तयार केले, आणि मग कळले की नावाचा किल्ला सोलापुरात एका पेन्शनराच्या कबज्यात आहे. सबब अनीश नामे वकील नेमून त्यांनी लिहिले की किल्ला खाली करून द्यावा, मोबदला पाऊण लाख रुपये.

गोदावरीबाईसाहेब, पंतांचे कुटुंब आणि घरच्या मुखत्यार, यांनी खलिता पंतांकडून दोनदा वाचून घेतला आणि तत्क्षणी फर्माविले की द्यावा. कारण शब्दांच्या चिठ्ठ्या पंतांनी स्वयंपाकघरातील डब्यांत भरिल्या होत्या.

“परवा बेसन म्हणून हात घातला तर ‘क’चे शब्द निघाले,” बाईसाहेब बोलिल्या. “आधी एक लोखंडी कपाट आणा, माझे डबे मोकळे करा, आणि मग काय तो कोश करा.”

“पण ते सतरा जण...” पंत हळूच म्हणाले.

“सतरांचं मला नका सांगू. त्यांच्यातलं कोणी येऊन भजी तळतंय का?”

मग पंतांनी वहीत दोन रकाने आखिले, एकात ‘द्यावे’, दुसऱ्यात ‘न द्यावे’, आणि दोन दिवस विचार केला, आणि ‘देणे’ या धातूच्या व्युत्पत्तीवर तीन पाने भरली. निर्णय मात्र होईना. कधी वाटे, आपला कोश तो काय, कोणी सांगितला होता, विद्वानांनी पाहिला तर हसतील. कधी वाटे, त्या सोळांपैकी कोणी सवयीने हितं दाबील, आणि समोर भुकटीचा डबा पाहील, आणि समजेल की म्हातारा गेला. हा दुसरा विचार काही केल्या हटेना. रक्कम हवी होती, कपाट हवे होते. परंतु त्या सोळांस नवा पत्ता सांगितल्यावाचून किल्ला सोडणे त्यांस पळून गेल्यासारखे वाटे. आणि पुणेकरांजवळ काही मागणे तर त्यांच्या जिभेस साधणारे नव्हते.

मग तिसरे दिवशी दोन प्रहरी नवी पेठेत कापडाचे व्यापारी सिद्धलिंगप्पा यांच्या गादीवर मसलत बसली. सिद्धलिंगप्पा म्हणजे घासाघिशीतले निष्णात सरदार, खणाच्या तुकड्यावर तासभर झुंज देणारे आणि जिंकून वर गिऱ्हाइकास चहा पाजणारे. त्यांनी सर्व ऐकिले.

“त्या सोळा लोकांना फोन करा की.”

“नंबर नाहीत.”

“मग कार्ड टाका.”

“पत्तेही नाहीत. नावंसुद्धा माहीत नाहीत.”

“मंजे गिऱ्हाईक कोण हाय तेच तुमाला ठावं न्हाय, आन् नऊ वर्सं दुकान उघडं ठिवलंय!” सिद्धलिंगप्पांनी हात जोडिले. “पंत, आता तुमी बोलायचं न्हाय. त्यो बोलंल, बोलू द्या. सुम्मने बसा. मी हाय की.”

इतक्यात पंतांचा फोन खणाणला. तो गादीवर मधोमध ठेवून आवाज मोठा केला आणि अनीशराव वकील बोलिले, “नमस्कार काका. मग देताय ना?”

पंतांचे सारे अवसान गळाले. नकार जमेना, अट सुचेना. खाली मान घालून ते म्हणाले, “देतो की.”

येथे वाचकांनी ध्यान द्यावे. सोलापुरात या ‘की’चा अर्थ ऐसा की, देतो, त्यात विचारायचे काय. परंतु पंतांचा स्वर जात्याच शेवटास बुडणारा, सबब पुण्यास तो ‘अथवा’ ऐसा पोचला, आणि अथवा आले म्हणजे पुढे दुसरे काही यावे लागते. अनीशराव त्या दुसऱ्याची वाट पाहत राहिले, आणि पंत बोलून चुकल्यामुळे गप्प राहिले, आणि मग त्या शांततेत अनीशरावांस दुसरे गिऱ्हाईक स्पष्ट दिसू लागले.

“बरं काका. एक लाख. आता बोला.”

पंत दचकले. “अहो, देतो म्हटलं की...”

पुन्हा शांतता. “सव्वा. याच्यावर मला नाही जाता येणार.”

सिद्धलिंगप्पांच्या हातातील मीटरपट्टी खाली पडली. होकार देत देत भाव चढविणारा योद्धा त्यांनी उभ्या पेठेत पाहिला नव्हता. त्यांनी डोळे विस्फारून खूण केली की अजून एक ‘की’ सोडावा.

परंतु पंतांच्या ध्यानी आता घोटाळा आला होता, आणि घोटाळा शब्दाचा, म्हणोन त्यांस राहवेना. चुकीचा अर्थ उघड्या डोळ्यांनी चालू देणे हे त्यांच्या हातून कदापि घडणारे नव्हते.

“अनीशराव, जरा ऐका. तुमचा गैरसमज होतोय. आमचा ‘की’ म्हणजे अथवा नव्हे. दुसरं कोणी गिऱ्हाईक नाही. मी पहिल्यांदाच हो म्हटलं होतं.”

“अय्यय्यो पंत!” सिद्धलिंगप्पांनी कपाळावर हात मारिला. “सोन्यासारका की घालीवला की!”

अनीशराव हसू दाबून म्हणाले, “म्हणजे पाऊण लाखातच देणार होतात?”

“होय. आणि पाऊण लाखातच देतो. वरचे पन्नास हजार नकोत.” भाषेविषयी बोलू लागलेली पंतांची जीभ आता थांबेना. “त्याऐवजी एक ओळ पाहिजे. तुमच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर. शब्द हितं न्हाईत, तितं हाईत. आणि तितंवर बोट ठेवलं की माणूस माझ्या नव्या जागी पोचला पाहिजे. जोवर तुमचं पान आहे, तोवर.”

“आहे कुठे ही जागा?”

“घेतो की,” पंत म्हणाले, आणि घाबरून इकडे तिकडे पाहू लागले.

सिद्धलिंगप्पांच्या सूनबाई अक्षता दुकानाचे ऑनलाइन काम पाहत. त्यांनी उभ्या उभ्या आठशे रुपये सालाने तितं डॉट इन सर केला, आणि या खेपेस पंतांच्या हुकुमाने अनुस्वारासाठी शेवटास एम अक्षर उभे केले.

मग अनीशरावांनी वरिष्ठांस विचारिले आणि कळविले की ओळ मंजूर, मात्र जरा शुद्ध करावी. येथे नाहीत, तेथे आहेत, ऐसी घालावी.

“न्हाय,” पंत बोलिले.

दुकानात एक गिऱ्हाईक साडीची घडी उलगडत होते, तेही थांबले. पंत स्वतः जन्मभर शुद्ध बोलत आलेले. हा शब्द त्यांच्या कोशात होता, मुखात कधी आला नव्हता. सिद्धलिंगप्पा सरळ होऊन बसले. फोनवर बराच वेळ कोणी बोलेना. या शांततेत मात्र पंतांनी मान वर ठेविली होती.

“ठीक आहे काका,” अनीशराव म्हणाले. “तुमच्या शब्दांत.”

घरी वर्तमान कळता गोदावरीबाईसाहेबांनी पन्नास हजारांचा हिशेब ऐकून दोन घटका अबोला धरिला, आणि मग विचारिले, “न्हाय म्हणालात? तुम्ही?” आणि पंतांनी होय म्हणता, त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा म्हणून दाखविण्याचा हुकूम केला. पंत लाजले. म्हणाले नाहीत.

मग तितंवर पहिले तीन दिवस आकडा शून्य राहिला आणि पंतांस भात गेला नाही. चौथे दिवशी एक, पाचवे दिवशी सहा, आणि नववे दिवशी सतरा. अक्षताबाईंनी आकडा ऐसा बसविला होता की गावही दिसावे, सबब पंतांस प्रथमच आपली रयत कळली: जेऊरचे दोघे, अक्कलकोटचे चौघे, एक असामी थेट दुबईचा. आणि दहावे दिवशी अठरावा उगवला. हा पुण्याचा. तो बाकी कोठे जात नाही. ‘की’ या एकाच नोंदीवर येतो, आणि बराच वेळ थांबतो.

येणेप्रमाणे एक किल्ला देऊन, एक ओळ राखून, फौजेचा एकही शब्द न गमावता राजश्री चिंतामणपंत फत्ते पावले. मिती फाल्गुन शुद्ध तृतीया, मुक्काम सोलापूर. विजय नोंदला असे. शंका असल्यास तितं पाहावे.