आग्रहाची पाइपलाइन

नव्या घराची वास्तुशांत तोंडावर आली, तशी मनकर्णाबाईंनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, की भावानं आणलेलं लुगडं नेसल्याशिवाय आपण पूजेच्या पाटावर बसणार नाही. पोह्यांवर शेव टाकता टाकता त्या हे बोलल्या, त्यामुळं त्यांचा मुलगा गजेंद्र याला आधी त्यातली मेख कळली नाही.

मेख अशी, की त्यांचा एकुलता एक भाऊ खुशालराव हिवरखेडला रुसून बसला होता. गजेंद्रच्या लग्नात मामाच्या मानाचा शेला आधी भलत्याच माणसाच्या खांद्यावर गेला. तो माणूस मंगल कार्यालयाचा मॅनेजर होता आणि पंगत कधी बसवायची एवढंच विचारायला आला होता. शेला मिळाल्यावर तो बिचारा सगळ्यांच्या पाया पडून गेला, पण खुशालराव जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांनी अमरावतीचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मामाले नीट बोलाव," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एकदा सांगून मोकळा होऊ नको."

"आई, सगळ्याईलेच बोलवायचं हाय. एकेकाले किती खेपा सांगू?"

"हो म्हनेपर्यंत सांगाचं. एकदा सांगतलं म्हनजे 'आले तं या, नाई तं राहू द्या' असं होते."

हे ऐकून गजेंद्रला वैताग यायला हवा होता. त्याऐवजी त्याचे डोळे चमकले, आणि पुढच्या घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

गजेंद्र राजापेठेतल्या भाड्याच्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करी. पायथन या संगणकाच्या भाषेतलं एक फ्रेमवर्क, एक तयार सांगाडा, घेऊन तो भाषा-मॉडेलच्या पाइपलाइन बांधायचा, म्हणजे मजकूर वाचणारं, लिहिणारं, उत्तर देणारं यंत्र टप्प्याटप्प्यानं जोडून द्यायचा. त्या फ्रेमवर्कवर त्याचा भारी जीव. त्याची बायको रागिणी सासूला सांगायची, "यायले माया माहेरच्या मानसाईचे नावं इचारा, दोन सांगून थांबतीन. त्या फ्रेमवर्कचे फीचर इचारा, सांज होते."

आताही त्यानं लॅपटॉप थेट पोह्यांच्या ताटलीशेजारी आणून ठेवला.

"हे पाहा आई, पंगतीत कसं असते? एक पोळ्या वाढत जाते, त्याच्या मांगून वरनवाला येते, त्याच्या मांगून भाजीवाला. तसंच हे. एक टप्पा निमंत्रन लिहिते, दुसरा ते मोबाइलवर पाठवते, तिसरा आलेलं उत्तर वाचून ठरवते, मानूस येनार का नाई. नक्की नसन तं गाडी पुन्हा पयल्या टप्प्यावर. आन मेमरी हाय त्याले. कोन मांगं काय बोललं, ते ध्यानात ठेवून बोलते."

"आन आग्रह कोन करन?"

"तेच तं त्याचं मोठं फीचर हाय."

ते फीचर असं. इतर ठिकाणी यंत्राला लांबलचक सूचना लिहून द्याव्या लागतात. या फ्रेमवर्कला नुसती चांगली उदाहरणं द्यायची आणि यश कशाला म्हणायचं ते सांगायचं. मग ते आपलं आपण आजमावून पाहतं आणि जे लागू पडतं तेच घोटत जातं. यश म्हणजे स्वच्छ 'येतो', असं गजेंद्रनं ठरवलं. उदाहरणं सांगायचं काम मनकर्णाबाईंनी घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढं भाऊच होता, त्यामुळं सगळी उदाहरणं एकाच माणसाला लागू पडणारी निघाली. तुमच्याशिवाय वास्तूले शोभा नाई. पयला मान तुमचा. पयला आहेर तुमच्या हातचा, मंग बाकीच्याईचे. गजेंद्रनं ती जशीच्या तशी भरली, आणि ओघात त्यांनी सांगितलेली शेल्याची आणि मामा न जेवता गेल्याची हकीगतही.

"तीनदा इचारून थांबते ते," तो म्हणाला. "तशी मर्यादा घातलेली असते."

मनकर्णाबाईंचा हात शेवेच्या डब्यातच थांबला. "तीनदा तं आपन दूधवाल्यालेही चहा इचारतो."

गजेंद्रनं मर्यादा काढून टाकली. प्रत्येक निरोप जाण्याआधी माणसाची मंजुरी घ्यायची सोयही त्यात होती. घरच्याच लोकांना तर पाठवायचं, मंजुरी कसली, असं म्हणून त्यानं तीही बंद केली.

आता वऱ्हाडात निमंत्रणाला कोणी नाही म्हणत नाही, हे खरंच आहे. पण पटकन हो म्हणायचीही रीत नाही. हो म्हटलं की माणूस जेवायला टपलेला दिसतो. त्यामुळं उत्तरं आली ती अशी: 'पाहू.' 'जमलं तं येतो.' 'आपलंच घर हाय, सांगाले कायले पाह्यजे?' यंत्रानं इमानेइतबारे सगळ्यांना 'नक्की नाही' या खात्यात टाकलं आणि पुन्हा विचारलं. मग पुन्हा विचारलं. सकाळी विचारलं, जेवणाच्या वेळी विचारलं, दिवेलागणीला विचारलं. पाहुण्यांना आधी गंमत वाटली, मग ते गहिवरले. चांदूर बाजारच्या माणिकबाई आत्यांनी फोन करून सांगितलं, "गज्या, तू लय मायाळू झाला रे. बायको चांगली भेटली वाट्टे." रागिणीनं हे वाक्य फोन स्पीकरवर टाकून पुन्हा वदवून घेतलं.

एकेक 'येतो' पडायला लागला. पडद्यावरचा हिरवा पट्टा वाढताना पाहून गजेंद्र खूश होता. निरोप काय जातात, ते वाचायची त्याला गरज वाटली नाही. वाचलं त्यानं फक्त मामाचं.

मामाचं पहिलं उत्तर होतं, 'पाहू.' दुसरं, 'कपाशीची येचनी चालू हाय.' यंत्रानं लिहिलं, 'येचनी होत राहीन मामा, पयला मान तुमचा हाय.' त्यावर मामानं लिहिलं, 'लग्नातही होता.' पुढं यंत्रानं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, 'लग्नात आमचं चुकलं, मामा. तुमी जेवले नाई, ते आमाले आजही लागते. पाया पडतो.' यानंतर हिवरखेडहून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'येतो.'

गजेंद्र त्या शब्दाकडे पाहत राहिला. आपण हे एवढ्या दिवसांत कधी म्हटलं नाही, हे त्याला टोचलं. त्यानं आईला दाखवलं, तर तिनं डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यांसाठी साखरभात टाकला.

वास्तूच्या दिवशी पहिल्या आल्या माणिकबाई आत्या. त्यांनी खुर्ची उचलून थेट पाटाला भिडवली. "पयला आहेर माया हातचा हाय," त्या म्हणाल्या. "गज्यानं येवढं म्हटलं तं जवळ बसा लागन."

गजेंद्रनं दाराकडं पाहिलं, मामा अजून आले नव्हते. तेवढ्यात अकोल्याहून रागिणीचे वडील आले. त्यांनी आपली खुर्ची आत्यांच्या पुढं टाकली. "माफ करा बाई, पन आमी व्याही. जावयानं सोताहून लिहून देल्लं हाय." मग एकेक जण आला आणि एकेक मोबाइल खिशातून निघाला. सगळ्यांवर तोच मजकूर होता. फ्रेमवर्कनं चोख काम केलं होतं. 'पयला मान तुमचा' म्हटलं की माणूस हमखास 'येतो' म्हणतो, हे त्याला लवकरच कळलं होतं आणि त्यानं ते प्रत्येकाला लावलं होतं.

"पाठवायच्या आंदी वाचलं नवतं काय तुमी?" रागिणीनं दबक्या आवाजात विचारलं.

"ते मंजुरीचं फीचर बंद केलतं मी."

"कायले?"

"वेळ वाचते."

रागिणी आपल्या वडिलांना पाणी द्यायला गेली.

खुर्च्या पुढं सरकत सरकत होमकुंडाला टेकल्या, तेव्हा दारात खुशालराव उतरले. काखेत लुगड्याचा बॉक्स होता. गजेंद्र पाया पडला. आतला गलका ऐकून मामानं विचारलं, "काय चालू हाय?" उत्तर म्हणून माणिकबाई आत्यांनी आपला मोबाइल त्यांच्यापुढं धरला. मामानं चष्मा लावून तो वाचला. व्याह्यांचा वाचला. मग आपला काढून वाचला.

"हे तुवं लिहिलं?"

"यंत्रानं लिहिलं, मामा."

"आन ते लग्नातली माफी?"

खोटं बोलायचा मोह गजेंद्रला झाला. पण मामा चष्म्यावरून पाहत होते. "तेही यंत्रानंच," तो म्हणाला. "मले कवा हिंमतच झाली नाई. पन चुकलं होतं, मामा. हे आता मी म्हनून राहिलो."

खुशालरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "इथं पयले तं सारेच हायेत," ते म्हणाले. "मी शेवटी देतो. शेवटचा एकटाच असते." आणि दाराशी, चपलांजवळच्या खुर्चीवर ते बॉक्स मांडीवर घेऊन बसले.

खरा मान शेवटच्याचाच, ही गोष्ट बाकीच्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. व्याह्यांनी घसा खाकरला. "तसं पाह्यलं तं आमी मुलीकडचे. आमी मांगंच राह्यलेलं बरं." आत्या म्हणाल्या, "सगळ्यात मोठी मी. पोट्ट्यासोट्ट्याईचं होऊ द्या, मंग मायं." होमकुंडाजवळच्या खुर्च्या भराभर मागं जाऊ लागल्या.

आता गाठ अशी पडली, की मामा सगळ्यांच्या शेवटी देणार, त्यांच्या आधी द्यायला कोणी तयार नाही आणि लुगडं आल्याशिवाय मनकर्णाबाई खोलीतून बाहेर येणार नाहीत. गजेंद्रला हा प्रकार ओळखीचा होता. पाइपलाइन अशी गोल फिरायला लागली, की कोणीतरी बाहेरून बंद करावी लागते. इथं कुठलं बटण दाबायचं, ते त्याला सुचेना.

"मुहूर्त टळून राहिला," पूजा सांगणारे महाराज म्हणाले. पाटावर नवं धोतर नेसून एकटेच बसलेले गजेंद्रचे वडील रामराव म्हणाले, "माये पाय आखडले बाप्पा."

तेवढ्यात मनकर्णाबाई बाहेर आल्या. अंगावर रोजचं, धुवट लुगडं होतं. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. कोणाकडं न पाहता त्या पाटावर बसल्या. "करा सुरू, महाराज."

खुशालराव उठले. "बाई, हे लुगडं?"

"शेवटी दे न. तुया मान हाय तो."

"आन तू असीच बसनार?"

"भाऊ आला, भेटलं मले लुगडं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

खुशालराव चपला तुडवत, खुर्च्यांमधून वाट काढत पाटापर्यंत गेले. त्यांनी बॉक्स बहिणीच्या मांडीवर ठेवला. "ऊठ. नेसून ये आंदी. महाराज थांबतीन," ते म्हणाले. मनकर्णाबाई बॉक्स छातीशी धरून आत गेल्या. महाराजांनी सुटकेचा श्वास टाकून पहिला आहेर झाल्याचं सांगून टाकलं.

दाराशी चपलांजवळची ती खुर्ची आता रिकामी होती. गजेंद्रनं हात जोडून विचारलं, "दुसरा आहेर कोनाचा?"

सगळे पाहुणे एकेक पाऊल मागं सरकले.